न विचारलेलं सांगायचं नाही

"आज खवल्यांचा निर्वंश!" असं म्हणून हृष्यानं हळदीची पितळी डबी नकाशाच्या मधोमध ठण्णकन आपटली.

खाली त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी धडधडत होती. रविवार म्हणजे निम्म्या कऱ्हाडाचं दळण त्याच दिवशी. गिरणीच्या वरच्या खोलीत आमचा अड्डा. खाली पट्टा फिरायला लागला की वरची फरशी थरथरायची, नकाशावरचे चिंचोके आपोआप सरकायचे आणि पडलेला फासा पुन्हा कलंडायचा. म्हणून गिरणी चालू असताना फासा टाकायचा नाही, असा आमच्यात कायदाच होता. तोवर नुसती वटवट.

"वडवानल अस्त्र हातात आल्यावर आता राहिलंय काय?" हृष्या म्हणाला. "डोंगरावर चढायचं, त्यांच्या वस्तीवर ही डबी उपडी करायची, की सगळं भस्म. म्हातारं नाही, तान्हं नाही, एक ठेवायचा नाही. चार वर्षं जीव खाल्लाय मेल्यांनी!"

"आणि पुढच्या रविवारपासून नवा खेळ," तौफिकनं री ओढली. "या युद्धाचा आता वीट आला, राव."

मी नकाशाची गुंडाळी सरळ करत बसलो. नकाशा म्हणजे एका जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सची मागची बाजू. पुढच्या बाजूला हात जोडलेला कुणीतरी उमेदवार पालथा पडलेला. त्या पांढऱ्या पाठीवर मी मार्करनं हेमगडचं राज्य काढलं होतं. शहर, शहराला लागून अथांग सरोवर, सरोवरापलीकडे डोंगर.

हा खेळ तौफिकनं पुण्यात शिकताना पाहिलेला. त्याची मोडतोड करून आम्ही आमचा बनवला. हृषीकेश माळवदे म्हणजे बोलक्या तलवारीचा सरदार वज्रकेतू. तौफिक मुजावर म्हणजे घुबडासारखं अंधारात पाहणारा धनुर्धर शबर. आणि मी, उत्तम सपकाळ, सूत्रधार. म्हणजे राज्य माझं, डोंगर माझे, ऊनपाऊस माझा आणि शत्रूही माझाच. हे दोघं लढणार, समोर कोण येतं नि काय घडतं ते मी सांगणार आणि नशिबाचा निवाडा वीस तोंडांचा फासा करणार. शत्रू म्हणजे खवले. राखाडी कातडी, अंगभर माशासारखे खवले, पिवळे डोळे. डोंगरात राहायचे, आणि उन्हाळ्यात सरोवर आटलं की टोळ्याटोळ्यांनी खाली उतरून उघड्या पडलेल्या तळाकडे धावायचे. नकाशावर ते चिंचोके असायचे. मेला की हृष्या तो चिंचोका टिचकीनं उडवून डब्यात टाकायचा. डबा निम्मा भरला होता.

हे सगळं खेळातलं, मला कळत होतं. पण खरं सांगतो, मला त्या खवल्यांना मरू द्यायचं नव्हतं. आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं. आईनं दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना रे?" तिला काय सांगणार, की आई, रविवारी चिंचोके जळणार आहेत?

सूत्रधार मी, तर मग वाचवायचे की त्यांना! तर तिथंच घोडं पेंड खात होतं. दुसऱ्या वर्षी मी एकदा तसा गाढवपणा केला. एका म्हाताऱ्या खवल्याच्या छातीत शबराचा बाण घुसला आणि मी सांगितलं, म्हातारा उठला आणि पळाला. तौफिक असा तापला! त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. इकडचा स्क्रू तिकडे लागलेला त्याला खपत नाही. "सूत्रधार बाजू घेणार असेल तर खेळायचं कशाला?" म्हणाला. त्यानं मला खाली नेलं, गिरणीच्या वजनकाट्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. न विचारलेलं सांगायचं नाही, विचारलेलं लपवायचं नाही.

तेव्हापासून मी वाट बघत होतो. बाबांनो, एकदा तरी विचारा, हे येतात कशाला? मी आडून आडून सुचवायचो. त्यांच्या हातात ढाली नाहीत म्हणायचो. ते गात गात येताहेत म्हणायचो. हृष्या म्हणायचा, "युद्धगीत असेल. बाण सोड, तौफिक."

एवढ्यात खाली गिरणीनं आचका दिला आणि बंद पडली. वरचा पंखाही थांबला. लाइट गेली होती.

"चला! देवानंच सांगितलं, टाका फासा," हृष्या हात चोळत म्हणाला.

जिन्यावर पावलं वाजली आणि शलाकावहिनी चहाचा ट्रे घेऊन वर आली. हृष्याचं लग्न नुकतंच झालेलं. वहिनी बार्शीची, फार्मसी शिकलेली, आणि जिभेला धार अशी की सासूबाईसुद्धा दोन पावलं लांबून बोलायच्या. एरवी ती चहा ठेवून जायची. त्या दिवशी पंखा नसल्यामुळे की काय, पदरानं वारा घेत तिथंच बसली.

"लग्न झालेला माणूस चिंचोके खेळतो, हे माझ्या माहेरी कळू देऊ नका हं, भावजी," ती मला म्हणाली.

"युद्ध चाललंय इथं. गप बस जरा," हृष्या म्हणाला.

"गप बसायला मी काय चिंचोका आहे? मलाही घ्या खेळात. मी कोण? राणी?"

"राणीबिणी नाही. हेर हो तू," हृष्यानं टाळायचं म्हणून टाळलं. "हेर सैन्याच्या मागून येतो आणि बडबड करत नाही."

"हेराचं काम काय असतं?"

"शत्रूची माहिती काढायची," तौफिक म्हणाला.

"चार वर्षं लढताय, आणि हेर आज नेमताय? शाबास!" वहिनी हसली आणि तिनं बाटलीचं एक बूच उचलून नकाशावर ठेवलं.

फौज निघाली. बुरुजापासून, कोरड्या तळावरून, पलीकडच्या पायवाटेनं वर. हा बुरुज हृष्याचा अभिमान. पहिल्याच वर्षी खवल्यांना अडवायला त्यानं तो सरोवराच्या तळात, ऐन मध्यावर बांधला होता. तिथं आयते घडीव काळे दगड पडलेले सापडले म्हणून फुकटात झाला, हे तो अजून ऐकवायचा. पायवाटेच्या पहिल्याच वळणावर मी सांगितलं, "समोरून खवल्यांची लहानशी टोळी उतरतेय, सगळे पुरुष. गात गात."

तौफिकनं फासा टाकला. बाण लागले. हृष्यानं टाकला. तलवार लागली. चिंचोके डब्यात.

"झोळ्यांत काय?" हृष्यानं सवयीनं विचारलं.

"नारळ," मी म्हणालो. "हिरवा खण. मूठभर तांदूळ. हळकुंड."

"भंगार. पुढं चला."

वहिनीचा कप तोंडाशीच राहिला. "थांबा, थांबा. भावजी, काय काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी माझा आवाज जरा कापला असावा, कारण तौफिकनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"सगळ्यांच्याच झोळीत हेच?"

"दर वर्षी हेच निघतं, वहिनी," तौफिक म्हणाला. "महाकंगाल लोक. एक सोन्याची मोहर मिळाली नाही आजवर. नारळ तेवढे कामाला येतात. खोबरं खाल्लं की जखम भरते, असं हृष्यानं भांडून घेतलंय उत्त्याकडून."

"खाल्लंत?" वहिनीनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं खरंच कुणाच्या तरी ताटातलं उचललं असावं. "अहो, ओटी आहे ती!"

"कसली ओटी?"

"कसली काय? देवीची! खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आपल्या लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काय भरलं होतं? तुम्ही बाहेर चपला सांभाळत उभे होता म्हणा. तुम्हाला काय कळणार!"

"अगं, राक्षस आहेत ते!"

"मग राक्षसांना देवी नसते?" ती माझ्याकडे वळली आणि पदर खोचून बसली. "भावजी, मी हेर ना? मग आता विचारते. हे लोक खाली येतात ते शहराकडे जातात का?"

"नाही. तळाकडे."

"शहरावर कधी चाल करून आलेत?"

"कधीच नाही."

"आपण मध्ये होतो म्हणून," हृष्या म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. भावजी, तळात काय आहे?"

चार वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते आलं होतं. "खवल्यांचं गाव होतं तिथं," मी म्हणालो. "नदीकाठी. हेमगडच्या जुन्या राजानं नदीला बांध घातला, सरोवर झालं, शहर पिकलं. खवल्यांना डोंगरावर हाकललं. गावाबरोबर त्यांच्या देवीचं देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडायचं. तेवढेच चार दिवस. तेवढ्यात ते येऊन ओटी भरून जायचे."

"पडायचं? आता पडत नाही?"

मी हृष्याकडे पाहिलं. हृष्या नकाशाकडे पाहत होता. तो दणकट गडी, पण तोंड एवढंसं झालं होतं.

"ते घडीव दगड," तो हळूच म्हणाला.

"हो."

"माझ्या बुरुजाच्या पायात."

"हो."

वहिनीनं डब्यातला एक चिंचोका उचलला. "पण एक कळलं नाही. ओटी तर बायका भरतात. मग हे सगळे पुरुषच कसे येतात? यांच्या बायका कुठायत?"

विचारलेलं लपवायचं नाही. मी म्हणालो, "पहिल्या वर्षी बायका होत्या, वहिनी. पुढंच होत्या."

खाली कुणीतरी गिऱ्हाईक विचारत होतं, लाइट कधी येणार. तौफिक डोळे मिटून भिंतीला टेकला होता. पहिल्या वर्षीचा पहिला बाण त्याचा होता.

मग हृष्या उसळला. "फसवलंस तू! चार वर्षं माझ्या हातून... हे आधी नाही सांगता आलं?"

"नियम आपलाच आहे, हृष्या," तौफिक डोळे न उघडता म्हणाला.

"खड्ड्यात गेला नियम! आणि मेले ते मेले. आपली माणसं नाही मेली? माझा भालदार मेला, घोडा मेला. आता मी दया दाखवू? युद्ध म्हणजे युद्ध. मी डोंगरावर चढतोय. वडवानल माझ्याकडे आहे, आणि तो वापरायला मला फासासुद्धा टाकावा लागत नाही. हो की नाही, सूत्रधार?"

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. त्यानं डबी उघडली असती तर मी काही करू शकत नव्हतो. सगळी वस्ती मलाच माझ्या तोंडानं जाळावी लागली असती, घर अन् घर, आणि मला ती घरं पाठ होती.

हृष्यानं डबी उचलली. झाकणाला हात घातला.

"अहो," वहिनी म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "ती सासूबाईंच्या देवाची हळद आहे. ओटी घेऊन आलेल्यांना तिनं जाळणार तुम्ही?"

हृष्याचा हात झाकणावरच राहिला. त्यानं डबीकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा पाहत असल्यासारखं. मग ती नकाशाबाहेर, खिडकीत नेऊन ठेवली आणि परत येऊन मटकन बसला.

"बरं," तो म्हणाला. "मग करायचं काय?"

तिथून पुढं त्या युद्धाचं काय झालं ते सांगतो. मला वाटलं होतं, एकदा कळलं की संपलं. कसलं संपतंय! तौफिक म्हणाला, बुरुज पाडू, दगड परत रचू, दार उघडं टाकू, या म्हणावं. मी सांगितलं, कुणी येणार नाही. उघडं दार दिसलं तर त्यांना सापळाच वाटेल. हृष्या म्हणाला, निरोप पाठवू. मी विचारलं, कुणाच्या भाषेत? चार वर्षांत तुम्ही त्यांची एक ओळ शिकलात? तौफिकनं कपाळाला हात लावला.

"आपल्याला त्यांचं ठाऊक नव्हतं ते नव्हतं," वहिनी म्हणाली. "त्यांना आपल्याबद्दल काय ठाऊक आहे?"

"एवढंच, की तुम्ही मारता."

"हं." तिनं तिचं बूच उचललं आणि पायवाटेवर, फौजेच्या पुढं नेऊन ठेवलं. "मग मी जाते. मेलेल्यांच्या झोळ्या गोळा करते, त्यातली एक ओटी नीट बांधते आणि ती हातात घेऊन चढते. हत्यार नाही. माझ्या मागं कुणी यायचं नाही."

"अगं, बाण मारतील!" हृष्या ओरडला. "उत्त्या, सांग तिला!"

"मारतील," मी म्हणालो. "बारा किंवा वर पडले तर थांबतील. खाली पडले तर मारतील."

वहिनीनं फासा हातात घेतला, त्याच्यावर फुंकर मारली आणि टाकला. फासा गडगडत गेला, डोंगराला अडला आणि थांबला.

चार.

आणि त्याच क्षणी लाइट आली. खाली गिरणी धडधडायला लागली, फरशी थरथरली, फासा डुगडुगला.

"हलला, हलला!" हृष्या किंचाळला. "गिरणी चालू आहे! हा डाव रद्द! पुन्हा टाक!"

देवाशपथ सांगतो, मलाही तेच हवं होतं. माझ्या ओठावर आलं होतं, हो, रद्द. पण वहिनीनं फाशावर तळहात ठेवला.

"पडला तेव्हा गिरणी बंद होती," ती म्हणाली. "पडलं ते पडलं. बोला भावजी."

मी सांगितलं. झाडीतून बाण आला. हेराच्या खांद्यात घुसला. ओटी हातातच आहे, पण ती गुडघ्यांवर बसली आहे. वर झाडीत दुसऱ्या बाणाची प्रत्यंचा ओढल्याचा आवाज येतोय. मग मी हृष्याकडे वळलो. गिरणीच्या आवाजावर ओरडून विचारावं लागलं.

"सरदार वज्रकेतू, काय करतोस?"

हृष्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. चार वर्षं मी हा प्रश्न त्याला विचारत आलो होतो आणि चार वर्षं त्याचं एकच उत्तर होतं. त्यानं खिडकीतल्या डबीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती.

"मी..." तो म्हणाला, "तलवार खाली ठेवतो. पुढं जातो. तिच्याशेजारी बसतो."

"आणि?"

"आणि काय? बसतो. बस्स."

बसायला फासा लागत नाही. मी म्हणालो, "बाण सुटत नाही. झाडीतून एक म्हातारी खवली बाहेर येते. तिला तुमची भाषा मोडकीतोडकी येते. ती लांबूनच विचारते, कोण तुम्ही?"

एरवी या प्रश्नावर हृष्या उठून उभा राहायचा आणि छाती ठोकून हेमगडचा काळभैरव, खवल्यांचा कर्दनकाळ, अशा पदव्यांची पंगत वाढायचा. आज तो बसल्या जागी चुळबुळला.

"तुमच्या देवळाचे दगड नेले ना," तो म्हणाला, "ती माणसं आम्ही."

त्या रविवारी डोंगरावर काही जळलं नाही. म्हातारी ओटी घेऊन गेली की नाही, दगड परत लागले की नाही, ते पुढचे कितीतरी रविवार चाललं. त्यात भांडणं झाली, दोनदा तह मोडला, एका खवल्यानं तौफिकच्या शबराचा कानही कापला. पण माणसं मारायचं युद्ध तिथं संपलं.

आम्ही नकाशा गुंडाळत होतो. गिरणी पुन्हा थांबली होती. हृष्यानं अचानक माझं मनगट धरलं.

"उत्त्या, हे सगळं कुठून आणलंस तू?"

विचारलेलं लपवायचं नाही.

"माझं गाव पाण्यात आहे," मी म्हणालो.

आम्ही सपकाळ पुनर्वसनाच्या वसाहतीतले, एवढं त्यांना माहीत होतं. कुठल्या गावचं पुनर्वसन, हे कधी निघालं नव्हतं. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, तरणे होते. देवीची मूर्ती वसाहतीत आणली, नवं देऊळ बांधलं. पण आमच्या आईसारख्या बायकांचं म्हणणं, मूर्ती आली, देवी तिथंच आहे. डोहाकाठची डोहजाई ती, डोह सोडून कशाला येईल? म्हणून दर उन्हाळ्यात पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं की गावच्या बायका जाऊन तिथं ओटी भरायच्या. आईच्या गुडघ्यांनी संप केल्यावर ओटी आप्पा नेऊन ठेवायला लागले. आमचा खेळ सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात आप्पा परत आले ते कपाळ फुटलेले. पिशवीत नारळ, खण आणि चिखलात कालवलेले तांदूळ. "चिखलात घसरलो," म्हणाले. वसाहतीतल्या एकानं मला नंतर सांगितलं, धरणावर मासेमारीच्या ठेकेदारानं राखणदार ठेवलाय, त्यानं दांडकं घातलं. आप्पांनी मात्र शब्द बदलला नाही. घसरलो. आणि त्यानंतर ते गेले नाहीत. आई दर उन्हाळ्यात ओटी बांधून फडताळात ठेवायची, आणि पाऊस पडला की मुकाट्यानं सोडायची.

मी हे सांगितलं तेव्हा हृष्या म्हणाला, "चल, आत्ता त्या राखणदाराला..." आणि मग स्वतःच गप्प झाला.

वहिनीनं विचारलं, "यंदा पाणी कधी उतरतं, भावजी?"

मे महिन्याच्या शेवटी आम्ही गेलो. हृष्याची जीप, पुढं आप्पा. आप्पांना आणायला मला आठ दिवस विनवण्या कराव्या लागल्या, शेवटी वहिनीनं घरी येऊन आईच्या हातून ओटी घेतली आणि म्हणाली, "काका, मला देऊळ कुठाय ते कोण दाखवणार?" तेव्हा उठले. वाटभर धोतराचा सोगा बोटांना गुंडाळत, सोडत बसले होते.

तळ उघडा पडला होता. भेगाळलेला चिखल, वठलेले बुंधे, आणि लांब पाण्याच्या कडेला काळं शिखर. आम्ही उतरणीला लागलो तोच आवाज आला, "ए! कुठं? तळात उतरायचं नाही!"

खाकी सदरा घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. हातात दांडकं. आप्पा जागीच थांबले आणि एक पाऊल मागं सरले. ते मागं सरलेलं पाऊल मी आजही विसरलो नाही. हृष्याच्या मुठी वळल्या. तौफिकनं त्याचा दंड धरून ठेवला.

वहिनी पुढं झाली. "मामा, उतरायचं का नाही?"

"ठेकेदाराचा हुकूम हाय. जाळी कापत्यात, देवळाचं दगड चोरून न्हेत्यात. रातीचं तर येत्यातच, दिवसा बी यायला लागलीत आता."

"आम्ही चोर दिसतो?"

"मला काय म्हाईत? मी हिकडं शंभर मैलांवरनं पोटापाण्यापायी आल्याला माणूस. तळात दिसंल त्याला हाकल, म्हणून सांगितलंय, हाकलतो." त्यानं दांडक्याच्या टोकानं आप्पांच्या हातातली पिशवी उचकली. "काय हाय ह्यात?"

आप्पांनी पिशवी उघडून त्याच्यापुढं धरली. नारळ. हिरवा खण. तांदळाची पुरचुंडी. हळकुंड.

तो माणूस बघतच राहिला. दांडकं आपोआप खाली आलं. "आरं, ही तर वटी हाय," तो म्हणाला. "देवीची? त्या देवळातल्या?"

"आमचं गाव होतं हितं," आप्पा म्हणाले.

"मग हे आधी सांगायचं न्हाई का, बाबा?"

"तुम्ही इचारलं कुठं?" आप्पा म्हणाले. रागानं नाही, हसूनही नाही. पाणी किती उतरलंय ते सांगावं तसं.

राखणदारानं दांडकं एका बुंध्याला टेकवून ठेवलं. मग पुढं येऊन त्यानं आप्पांचा हात धरला. "चला, मी न्हेतो. सांभाळून, बाबा. हितं लई घसरतं."

"ठावं हाय," आप्पा म्हणाले. "मागं एकदा घसरलोय मी. ह्याच जागी."

त्या माणसानं मान वळवली. आप्पांच्या टोपीखाली कपाळावर जुनी खूण होती, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं पाऊल चिखलात थबकलं. आम्ही सगळे मागं थांबलो. मग ते दोघं पुन्हा चालायला लागले, आणि देवळाच्या पायरीपर्यंत त्यानं आप्पांचा हात सोडला नाही.